सायकॉलॉजी पहिल्यांदाच घेतलीय? मग असा अभ्यास करा

समोरच्याच्या मनातलं ओळखायला शिकवतील म्हणून ॲडमिशन घेतली असेल तर तसलं काही नसतंय बे, इथे मेंदू, स्मृती, शिकणं, प्रयोग असं असतं आणि मागनं स्टॅटिस्टिक्सपण येतंच. सायकॉलॉजीची पहिली लॅब म्हणजे विल्हेल्म व्हुंटची, जर्मनीत लाइपझिगला, 1879, हे पाठ करा आणि पुढं चला.

खरा वेळ कंडिशनिंगला, म्हणजे अनुभवातनं वागणं कसं घडतं त्या भागाला द्या. ऋण प्रबलन (negative reinforcement, त्रास कमी झाला म्हणून वागणं वाढणं) म्हणजे शिक्षा असं बरीच पोरं लिहून येतात आणि मार्क घालवतात. मे महिन्यात सात रस्त्यावरनं गाडीवर जाताना तोंडाला रुमाल बांधला, चटका कमी झाला, म्हणून दुसऱ्या दिवशी आपोआप बांधला, हे ऋण प्रबलन. सिग्नल तोडला, पावती फाटली, तोडणं कमी झालं, ही शिक्षा. वागणं वाढलं का घटलं तेवढं बघायचं.

वाचलेलं पुस्तक मिटून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहून काढा, दोन दिवसांनी परत, मग आठवड्यानं. विसरण्याचा वेग एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्येच मांडलाय, नुसत्या हायलायटरनं काही होत नाही.

प्रॅक्टिकलला मित्रावर प्रयोग करणार असाल तर त्याची परवानगी घ्या, पण कुठलं उत्तर अपेक्षित आहे ते बोलू नका, नाहीतर तुम्हाला खूश करायला तो तसंच वागतो.