मूल बाल कल्याण समितीकडे गेलं तर आईबापाची आणि मुलाची बाजू कशी लढवायची

मूल बालगृहात ठेवलं की आईबाप आधी पोलीस स्टेशनच्या चकरा मारतात, मग नगरसेवक, मग ओळखीतला कुणीतरी साहेब, आणि वकिलाकडे येतात तोवर दोन-तीन आठवडे गेलेले असतात. आणि नेमकी तिथेच केस हातातून निसटते. कारण बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ३६ प्रमाणे सामाजिक तपासणी अहवाल (घरची परिस्थिती बघून लिहिलेला अहवाल) १५ दिवसांत द्यायचा असतो आणि त्यावरून समितीने ४ महिन्यांत अंतिम आदेश करायचा असतो, म्हणजे त्या अहवालात एकदा "पालक सांभाळ करण्यास असमर्थ" असं लिहिलं गेलं की पुढे सगळ्या तारखा तेवढं एक वाक्य खोडण्यात जातात. म्हणून जे कुणी लीगल एडचं किंवा संस्थेचं काम बघताय, टीम चालवताय, त्यांना माझं पहिलं सांगणं हेच की सगळी ताकद त्या पहिल्या १५ दिवसांत लावा. युक्तिवादाची तयारी नंतर होते.

आधी बाल कल्याण समिती काय आहे ते नीट समजून घ्या, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं काय करायचं ते हीच ठरवते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला, आणि बेंच म्हणून बसतात तेव्हा त्यांना मॅजिस्ट्रेटचे अधिकार असतात. पण हे फौजदारी कोर्ट नाही, इथे कुणी आरोपी नसतो, त्यामुळे जामिनाच्या अर्जावर बोलतो त्या आवाजात बोलायला गेलात तर नुकसान तुमच्याच पक्षकाराचं. मुलाला ताब्यात घेतल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीपुढे हजर करायला हवं. समिती बसलेली नसेल तर एका सदस्यापुढेही हजर करून मुलाला तात्पुरतं बालगृहात ठेवता येतं, पण केसचा अंतिम निकाल देताना किमान तीन सदस्य हजर लागतात. म्हणून आदेश हातात आला की तारीख बघा, कलम बघा, आणि खाली सह्या कुणाच्या आणि किती ते बघा, हे बरेच जण बघतच नाहीत! लेखी आदेशच नसेल आणि मूल तरीही संस्थेत असेल तर वेळ घालवू नका, हायकोर्टात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा ठेवलेल्या मुलाला कोर्टापुढे आणायला लावणाऱ्या अर्जाचा, रस्ता आहे.

पहिल्याच दिवशी वकालतनामा, आदेशाच्या नकलेचा अर्ज, मुलाला भेटायचा अर्ज आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद) बघायचा अर्ज, हे सगळं आवक टेबलावर देऊन प्रत्येकावर पोच घ्यायची. तोंडी "बघू, या पुढच्या आठवड्यात" यावर अजिबात थांबू नका, पुढे अपिलात तुमच्या हातात फक्त त्या पोचा असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही कुणाचे वकील आहात? आईचे की मुलाचे? दोघांचे एकदम होऊ नका. सुरुवातीला वाटतं की दोघांना एकच हवंय, मूल घरी यायला हवं, पण दुसऱ्या भेटीत मूल हळूच सांगतं की बाबा दारू पिऊन आले की मला भीती वाटते, आणि मग तुम्ही अडकता. टीम चालवत असाल तर आईबापाला एक वकील, मुलाला दुसरा, फायली वेगळ्या, आणि मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या टेबलावर जायची नाही. पैशाचं कारण पुढे येतं पण विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाई आणि मूल यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. वडिलांना उत्पन्नाच्या मर्यादेत किंवा त्या कलमातल्या दुसऱ्या एखाद्या गटात बसत असतील तर मिळतो.

मुलाच्या वकिलाने मुलाला एकट्याला भेटायचं, अधीक्षकांच्या केबिनमध्ये नाही. आणि प्लीज, पहिलाच प्रश्न "तुला घरी जायचंय का" असा विचारू नका, सगळा निर्णय आपल्याच डोक्यावर आलाय असं त्या पोराला वाटतं आणि ते गप्प होतं किंवा समोरच्याला आवडेल ते बोलतं. सकाळी कोण उठवायचं, शाळेत कोण सोडायचं, भीती वाटली की कुणाकडे पळायचास, रात्री घरी कोण कोण असायचं, असं विचारत जा, घर कसं आहे ते आपोआप कळतं. मग मूल जे म्हणतंय ते समितीला त्याच्याच शब्दांत सांगा. घरी नाही जायचं म्हणालं तर तेही तसंच सांगायचं, आपल्याला काय बरं वाटतं ते त्यात मिसळायचं नाही. मुलाचं म्हणणं ऐकलं जाणं हे बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मधल्या तत्त्वांत आहे आणि भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क करारातही.

पालकांच्या बाजूने काम म्हणजे मुख्यतः घरभेटीची तयारी. घर सजवून दाखवायचं नाही, खोटं लगेच कळतं. समजा नवऱ्याने टाकलेली बाई रात्रपाळीला जाते, सहा वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा आत, बाहेरून कडी, शेजारच्यांनी १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला फोन केला. अहवालात येतं "मुलांना कोंडून ठेवले". इथे आईचं प्रेम किती आहे यावर बोलून काही मिळत नाही. एक कागद घ्या, त्यावर सोमवार ते रविवार आणि दिवसाचे चोवीस तास असा तक्ता आखा, आणि प्रत्येक रकान्यात त्या वेळी मुलांजवळ कोण असेल त्या माणसाचं नाव लिहा. रात्रीच्या रकान्यात मावशीचं नाव आलं तर मावशीचं सहीचं पत्र, तिचं आधार आणि ती स्वतः, तिन्ही पुढच्या तारखेला हजर. जो रकाना रिकामा राहतो तीच खरी अडचण, बाकी सगळी भीती आहे. आई दिवसपाळी मागू शकते का, तिच्या मालकाचं पत्र मिळतं का, अंगणवाडी किती वाजेपर्यंत असते, हे सगळं तुमच्या समाजकार्यकर्तीने तपास अधिकारी घरी यायच्या आधी शोधायचंय.

बाकी जे उरतं ते बऱ्याचदा नुसती गरिबी असते, आणि गरिबी हे मूल काढून घ्यायचं कारण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट लिहिलंय, आणि आपल्या कायद्यातही संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे. पण नुसतं तत्त्व सांगून थांबू नका, सोबत प्रायोजकत्वाचा, म्हणजे मूल घरीच सांभाळायला सरकारकडून मिळणाऱ्या पैशाच्या मदतीचा, अर्ज लावा. कलम ४५ मध्ये विधवा, घटस्फोटित, टाकलेली आई सरळ नमूद आहे, आणि मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत महिन्याला एका मुलामागे ४००० रुपये धरलेत. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज दिल्याची पोच समितीपुढे ठेवली की बोलणं बदलतं, हे मी बघितलंय.

अहवाल गोपनीय म्हणून बऱ्याचदा दाखवत नाहीत. कलम ९९ मध्ये समिती अहवालाचा सारांश मुलाला किंवा पालकांना सांगू शकते आणि त्यावर पुरावा आणायची संधी देऊ शकते, म्हणून या दोन्हीचा लेखी अर्ज द्या. नाकारलं तर नाकारल्याचं रोजनाम्यात येऊ द्या.

सुनावणीत मागणी एकच करू नका. कलम ३७ मध्ये घरी परत, देखरेखीखाली घरी परत, योग्य व्यक्तीकडे असे वेगवेगळे पर्याय आहेत, ते उतरत्या क्रमाने मागा. घरी नाही तर आजीकडे, आणि तेही आज नाही तर निदान दर आठवड्याला भेट आणि फोन. भेटी चुकवू नका हे पालकांना शंभरदा सांगा, एक चुकली तरी फाईलमध्ये लिहिली जाते, मग बस बंद होती हे कुणी विचारत नाही.

घरात खरोखर मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असेल तर परत पाठवायची घाई करायची नाही, आईच्या वकिलानेसुद्धा. तिथे मागणी अशी हवी की त्रास देणारा घराबाहेर जावा आणि मग मूल आईजवळ यावं.

लहान बाळाची केस असेल तर घड्याळ फार जोरात पळतं. आईने समर्पणपत्रावर, म्हणजे मूल कायमचं सोडून देत असल्याच्या कागदावर, सही केली असेल तर विचार बदलायला २ महिने मिळतात, दबावाखाली सही झाली असेल तर त्याच दिवशी समितीला लेखी कळवा. बेवारस धरलेलं मूल २ वर्षांपर्यंतचं असेल तर दत्तकासाठी मोकळं जाहीर करायला २ महिन्यांची मुदत आहे, त्याहून मोठं असेल तर ४ महिन्यांची, म्हणजे आईबाप उशिरा सापडले तर त्यांना बोलायला जागाच उरत नाही.

आणखी एक, नातेवाईक रागाच्या भरात मुलाचा फोटो आणि नाव ग्रुपवर टाकतात. कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हे पहिल्याच भेटीत सांगून टाका.

आदेश विरोधात गेला तर त्याच दिवशी नकलेचा अर्ज, कारण कलम १०१ प्रमाणे अपील ३० दिवसांत. हे अपील बाल न्यायालयात जातं, फक्त प्रतिपालन (मूल तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं) आणि प्रायोजकत्वाच्या बाबतीत जिल्हाधिकाऱ्यांकडे. त्यापुढे कलम १०२ खाली हायकोर्ट.

आणि मूल घरी आलं की फाईल कपाटात टाकू नका. पहिले काही आठवडे मूल बोलत नाही, अंथरूण ओलं करतं, आई जरा उठली की रडतं, आणि घरचे चिडतात. हे होणार हे आधीच सांगून ठेवा, कार्यकर्तीची भेट त्याच आठवड्यात लावा, शाळेत नाव परत चालू झालं का बघा, आणि देखरेख संपल्याचा लेखी आदेश हातात येईपर्यंत प्रत्येक भेटीची तारीख लिहून ठेवा.