मोगऱ्याचा गजरा संध्याकाळपर्यंत टवटवीत कसा ठेवायचा

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर मोगरा घ्यायचा तर सकाळीच, आणि घट्ट मिटलेल्या कळ्यांचा. मोगरा संध्याकाळी उमलतो. दुपारी अर्धवट उघडलेला रात्रीपर्यंत मलूल होतो. देठ तपकिरी असेल तर माल कालचा समजा.

ओवायला नायलॉन नको, देठ कापले जातात. जाड सुती दोरा किंवा केळीचा सोप (खोडाच्या सालीचा धागा) पाण्यात भिजवून घ्या. ओला दोरा घसरत नाही. दोन कळ्यांचे देठ एकमेकांवर, तोंडं विरुद्ध दिशेला. त्यांवर दोऱ्याचा फास टाकून अलगद ओढा. खरी मेख या ओढण्यातच आहे: सैल राहिला तर कळ्या गळतात, जोर केला तर देठ तुटतो. पुढची जोडी आधीच्या जोडीला चिकटूनच लावा.

तयार गजऱ्यावर पाणी शिंपडू नका (फुलवाले शिंपडतात, ते दिसायला बरं), पाकळ्यांवर डाग पडतात. ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं गुंडाळा, डब्यात घालून फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवा. त्याच कप्प्यात सफरचंद किंवा पिकलेला आंबा नको. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर कोमेजतात. माळायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, मग वास मोकळा होतो.