हॅमॉक घेण्याआधी झाड बघा: कोकण किनाऱ्यावर रात्र काढण्याची तयारी

कोकणात हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधायची कापडी झोळी, टांगून रात्र काढायची तर सामान फार लागत नाही, पाठीवरच्या एका सॅकमध्ये सगळं मावतं. पण यादीतल्या सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी दुकानात मिळत नाहीत. दोन धड झाडं, ती ज्याची आहेत त्याचा होकार आणि त्या रात्रीच्या भरतीची वेळ. हॅमॉक कुठल्या कंपनीचा घ्यावा, यावर लोक आठवडाभर डोकं खाजवतात आणि झाडं काय, तिथे गेल्यावर दिसतीलच म्हणतात. दिसतात, पण बांधण्याजोगी असतातच असं नाही.

पहिल्यांदा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, यादीतून काढून टाका. कातळावर चांदणं कितीही सुंदर पडत असलं तरी दोर बांधायला तिथे काही नसतं. उरतात किनाऱ्यालगतची सुरूची बनं, माडा-पोफळीच्या वाड्या आणि आंब्या-काजूच्या बागा. नागाव, काशीद, गुहागर, भाट्ये इथली सुरूची बनं फोटोत बघून मन भुलतं, आणि सुरूचं खोड खरोखरच सरळ आणि बांधायला सोयीचं असतं. मात्र समुद्राच्या अगदी तोंडावरची रांग सोडून द्या. लाटांनी वाळू ओढून नेलेली असते, मुळं उघडी पडलेली असतात आणि झाड समुद्राकडे कललेलं असतं. चार-पाच रांगा आत जा. शेकोटीचा विचारही बनात नको. खाली पडलेला सुरूचा सुका पाला ठिणगीची वाटच बघत असतो.

माडांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण दोन माडांमध्ये टांगलेला हॅमॉक हे चित्र सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. नारळाला डोळे असतात, तो माणूस बघून पडतो, असं वाडीतली जुनी माणसं सांगतात. ऐकून मान डोलवा आणि दोर दुसरीकडे बांधा. नारळ लगडलेल्या माडाखाली झोपायचं नाही, आणि नारळ उतरवलेले असले तरी वर सुकलेली झावळ लोंबत नाही ना, हे बघायचं. सुकी झावळ वारा नसतानाही सुटते आणि तिच्या बुंध्याकडचा भाग चांगलाच जड असतो. खोडही नीट तपासा. सोंड्या भुंगा माडाला आतून पोखरतो. बाहेरून झाड ठणठणीत दिसतं, फक्त खोडाला कुठेतरी भोक असतं आणि त्यातून तपकिरी चिकट द्रव ओघळलेला असतो. असा माड कधी मोडेल ते सांगता येत नाही, त्यात तुम्ही त्याला आडवा हिसका देणार. शेंडा गेलेले माड तर बिलकुल नकोत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या वाड्यांची दैना केली. तेव्हापासून कुठे बोडकं खोड उभं दिसलं तर ते खांब म्हणून वापरायचा मोह आवरा.

पोफळीला बांधू नये. खोड बारीक, ते वाकतं, आणि मोडलं तर नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात. वाडीवाल्याच्या वर्षाच्या मिळकतीवर आपण झोके घ्यायचे हे काही बरं नाही. काजू आणि शेवग्याच्या फांद्या काटकन तुटतात. आंबा, फणस, उंडी ही भरवशाची झाडं. आंब्यावर तेवढी पानं शिवून केलेली ओंबिलांची घरटी आहेत का ते बघा. हे लाल मुंगळे पट्ट्यावरून थेट तुमच्या मानेपर्यंत येतात आणि मग रात्रभर मच्छरदाणीच्या आत फक्त तुम्ही आणि ते.

कुठलंही झाड कुणाचं तरी असतंच. वाडी खासगी असते, सुरूची बनं बऱ्याच ठिकाणी वनखात्याने लावलेली आहेत. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ज्यांच्याकडे जेवायची सोय आहे अशा घरी आधी फोन करून, ‘काका, वाडीत हॅमॉक बांधला तर चालेल का?’ असं विचारायचं. नारळ कधी उतरवले, विहीर कुठे आहे, बिबट्याचा वावर आहे का, हेही त्याच फोनवर कळतं. रात्रीचं जेवण मिळतं आणि पाऊस आला तर पडवी मिळते. देवराईत मात्र परवानगीसुद्धा मागू नका. जिथे गाव सुकी काटकी उचलत नाही, तिथे आपण पट्टे आवळायला जाऊ नये.

आता भरती. किनाऱ्यावरची माणसं एक हिशेब सांगतात: पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. गावागणिक थोडा फरक पडतो, पण अंदाजाला पुरतो. यातली मेख अशी की पौर्णिमेला बरेच जण चांदण्यासाठी जातात आणि संध्याकाळी पाच-सहाला जागा निवडतात. तेव्हा ओहोटी असते आणि पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, मैदानासारखी पसरलेली दिसते. रात्री अकराच्या पुढे उधाणाचं पाणी चढतं, आणि पुढचे एक-दोन दिवसही जोर कायम असतो. वाळूवर शेवाळ, काटक्या, शिंपल्यांची जी ओळ पडलेली असते ती मागच्या भरतीची खूण. त्या ओळीच्या बरंच वर, झाडीत शिरूनच बांधायचं.

बांधायला दोर नको, पट्टे हवेत. किमान एक इंच रुंद, पॉलिएस्टरचे, म्हणजे साल कापली जात नाही. बंदरावरच्या दुकानात नायलॉनची दोरी स्वस्त मिळते, पण ती ताणत जाते, दवाने ओली झाली की आणखीच, आणि पहाटे पाठ जमिनीला टेकते. झाडं चार-पाच मीटर अंतरावरची निवडा, मांडीहून जाड. पट्टा झाडापासून खाली येताना आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन झाला पाहिजे. तर्जनी आडवी धरून अंगठा सरळ वर केला की दोन्हींच्या टोकांना जोडणारी तिरकी रेघ जवळपास तेवढीच असते. हॅमॉक टाईट ओढून सपाट करायची हौस सगळ्यांना येते, आणि तिथेच गणित बिघडतं. सत्तर किलोचा माणूस तीस अंशांवर झोपला तर प्रत्येक पट्ट्यावर सत्तर किलोंचा ताण येतो, दहा अंशांवर तोच ताण दोनशे किलोंवर जातो. सैल बांधून त्यात जरा तिरकं झोपलं की पाठ सपाट राहते. बसल्यावर उंची खुर्चीएवढी, साधारण दीड फूट असावी, म्हणजे काही सुटलंच तर फार लागत नाही. खाली करवंट्या, दगड, खुंट नाहीत ना ते बघून घ्या. रिसॉर्टमध्ये टांगलेले लाकडी दांड्यांचे जाळीदार हॅमॉक दुपारच्या डुलकीपुरते, रात्री कूस बदलली की ते उलटतात. दहा-अकरा फूट लांबीचा साधा कापडी घ्या.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात परतीच्या पावसाबरोबर विजा येतात आणि उंच झाडाला टांगून घेतलेल्या माणसाला तेव्हा पळायलाही उशीर होतो. थंडीत पाऊस नसला तरी ताडपत्री हवीच, कारण पहाटे झाडांवरून दव टपटपतं. तीन बाय तीन मीटरची हलकी ताडपत्री एकाला पुरते. हॅमॉक किनाऱ्याला समांतर बांधा, म्हणजे ताडपत्रीची एक बाजू समुद्राकडे आणि दुसरी डोंगराकडे येते. संध्याकाळी खारा वारा समुद्रावरून येतो, उत्तररात्री मतलई वारा जमिनीवरून. एकच बाजू खाली ओढली तर पहाटे हमखास उलट्या बाजूने गारवा शिरतो. वाळूत खुंट्या टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधा आणि हातभर खोल पुरा. पट्ट्यावर हॅमॉकच्या अलीकडे सुतळीचा एक तुकडा लोंबता ठेवा, पट्ट्यावरून ओघळणारं पाणी तिथे खाली गळून जातं.

कोकणात कसली थंडी, असं म्हणून लोक पातळ चादर आणतात. दापोलीला थंडीत पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, किनाऱ्यावर तेवढा नाही, पण हॅमॉकमध्ये वारा पाठीखालून वाहतो. स्लीपिंग बॅग अंगाखाली दबते आणि दबलेल्या भागात ऊब राहत नाही. त्यामुळे खाली फोमची चटई घाला, वर गोधडी. चटईचा दुसरा फायदा डासांसाठी: पातळ कापडातून ते खालून बिनदिक्कत चावतात. मच्छरदाणी हॅमॉकच्या सर्व बाजूंनी बंद होणारी हवी.

टांगलेलं असलं तरी रात्री एकदा तरी पाय जमिनीवर टेकतोच. बूट जमिनीवर न ठेवता दोरीला उलटे अडकवा आणि घालण्यापूर्वी झटका. फुरसं, घोणस, मण्यार, नाग हे चारही विषारी साप इथे आहेत, विंचूही. लाल विंचवाचा दंश कोकणात जीवघेणा ठरायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसीन या औषधाचा उपचार रूढ केला तेव्हापासून माणसं वाचू लागली, पण त्यासाठी वेळेत दवाखाना गाठावा लागतो. जवळचं आरोग्य केंद्र कुठे आहे ते दिवसाच विचारून ठेवा, रुग्णवाहिकेचा १०८ नंबर लक्षात असू द्या, आणि मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. बॅटरी कपाळावर बांधायची घ्या, लाल प्रकाशाची सोय असलेली. वेळास, आंजर्ले, गुहागर भागात थंडीत ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री अंडी घालायला वर येतात आणि पांढऱ्या उजेडाने बिचकून परत फिरतात. पुढे पिल्लंही उजेडाच्या दिशेने भरकटतात. वेळासला २००२ पासून घरटी राखली जात आहेत, तिथे किनाऱ्यावर टांगायचा हट्टच नको, गावात राहा.

बाकी किरकोळ: माणशी तीन लिटर पाणी, शिट्टी, चाकू, कचऱ्याची पिशवी, खाण्याचं सामान कुत्र्यांच्या उडीबाहेर टांगायला एक जादा दोरी. कमरेचं दुखणं असेल तर आधी घरी दोन खांबांना बांधून एक दुपार झोपून बघा.

घरी पोचल्यावर पट्टे, कॅराबिनर (हॅमॉक पट्ट्याला अडकवायच्या धातूच्या कड्या) आणि ताडपत्री त्याच दिवशी गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. खाऱ्या हवेने साधं लोखंड आठवड्यात गंजतं, आणि शिवणीत अडकलेली वाळू कापड आतून झिजवते.