गावात राहून व्हिडिओवरून व्यसनमुक्तीचे उपचार कसे चालवावेत

माझ्या धाकट्या भावाचे दारूचे आणि त्यासोबतच्या नैराश्याचे उपचार आम्ही अनेक वर्षे देवगड तालुक्यातल्या घरातून, बहुतांशी व्हिडिओवरून, चालवत आहोत. शेजारपाजारच्या चार-पाच कुटुंबांनाही मी यात मदत केली आहे.

पहिली भेट समोरासमोर घ्या. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरातल्या घरात एकदम बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान माणूस भ्रमात जाऊन नसलेल्या गोष्टी पाहू लागू शकतो. हे जिवावर बेतू शकते. पूर्वी कधी आकडी आली असेल, तर हे पहिले दिवस रुग्णालयातच काढले पाहिजेत. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय किंवा आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयातला मानसोपचार विभाग, जे जवळ असेल तिथे जा. शरीर सावरल्यानंतरचा लांबचा पल्ला मात्र व्हिडिओवरून उत्तम चालतो. गर्दच्या व्यसनावरची बुप्रेनॉर्फिन ठरावीक केंद्रांतूनच मिळते, त्यामुळे तिच्यासाठी प्रवास करावाच लागतो.

कॉल घ्या. ज्यांनी प्रत्यक्ष तपासले त्याच डॉक्टरांकडे पुढचे कॉल ठेवा. रेंजसाठी सड्यावर जावे लागले तरी चालेल, पण तिथे दुसरे कुणी नसावे आणि पहिली पाच मिनिटे रुग्णाला एकट्याला बोलू द्यावे. दोन्ही हात पुढे ताठ करून, बोटे पसरून कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा, म्हणजे थरथर डॉक्टरांना स्वतः पाहता येते.

दोन कॉलांमधली औषधे सांभाळा. खरे काम इथे आहे आणि आम्ही चुकलो तेही इथेच. दुसऱ्या वर्षी गणपतीच्या आधी भाऊ इतका छान होता की घरात सगळ्यांना गोळ्या आता नकोशा वाटू लागल्या. कॉलवर डॉक्टरांनी विचारले, तेव्हा तो शेजारीच बसला होता आणि त्याचे मन दुखावू नये म्हणून मी ‘सगळे नियमित चालू आहे’ असे सांगून टाकले. प्रत्यक्षात त्याने डायसल्फिराम, म्हणजे जिच्यावर दारू प्यायल्यास शरीराला जोराचा त्रास होतो ती दारू सोडवणारी गोळी, चार दिवसांपूर्वीच बंद केली होती. विसर्जनाच्या रात्री मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांसोबत तो थोडीशीच प्यायला आणि पाऊण तासात त्याचा चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडू लागली, उलट्या सुरू झाल्या आणि रक्तदाब उतरला. रात्री गाडी मिळवून त्याला रुग्णालयात न्यावे लागले. ही गोळी बंद केल्यानंतरही साधारण दोन आठवडे तिचा परिणाम शरीरात राहू शकतो, हे आम्हाला त्या रात्री समजले.

तेव्हापासून प्रत्येक कॉलच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गोळ्या मोजतो. किती उरायला हव्या होत्या आणि किती उरल्या, हे दोन आकडे वहीत लिहून डॉक्टरांना वाचून दाखवतो. ‘नियमित’ हा शब्द मी कॉलवर वापरत नाही. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या देऊ नका. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावर त्या एकदम तोडल्या तर त्रास होतो, म्हणून त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी आणि सांगितलेल्या क्रमानेच कमी करायच्या.

गोळी कुणी द्यायची, हे रुग्णाला ठरवू द्या. आमच्याकडे वहिनी देत असे तेव्हा रोज सकाळी भांडण व्हायचे. भावाने स्वतः काकूंचे नाव सुचवले आणि पेज खाऊन झाल्यावर काकूंसमोर गोळी घेण्याची सवय लागली. त्याला न सांगता आमटीत औषध कालवून देण्याचा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. तो ऐकू नका. गोळीचा पत्ताच नसलेला माणूस त्यावर दारू प्याला, तर काय होते ते मी वर लिहिले आहे; शिवाय औषध ज्याच्या शरीरात जाते त्याला ते ठाऊक असणे हा त्याचा हक्क आहे.

डायसल्फिराम चालू असताना लपलेल्या दारूकडेही लक्ष हवे. खोकल्याच्या काही औषधांत ती असते आणि द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत ती आंबवण्यातूनच तयार होते. माडी किंवा हुर्राक (काजूच्या बोंडांची दारू) ‘हलकी’ म्हणून चालते, हा समज तर सरळ धोकादायक आहे.

आपल्याकडच्या पावसात गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरल्या की दमट होतात, म्हणून पाकीटच कात्रीने कापून एकेका दिवसाचा तुकडा वेगळा ठेवावा. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचे पाकीट दिले, तर मोठ्या अक्षरांतले नाव सोडून खाली बारीक छापलेले घटकाचे नाव आणि मिलिग्रॅम जुन्या पाकिटाशी ताडून पाहा. जूनपूर्वी डॉक्टरांना सांगून पंधरा दिवसांचा जादा साठा लिहून घ्या. जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा आमच्या गोळ्या वाटेत अडकल्या होत्या आणि मी चार दुकाने पालथी घातली.

रक्त तपासा. डायसल्फिराम किंवा नाल्ट्रेक्सोन (दारूची ओढ कमी करणारी गोळी) चालू असेल तर यकृताची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करा. लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध) असेल तर रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे असते.

सणाआधीचा कॉल ठरवा. गणपती आणि शिमगा यांच्या आधीच्या आठवड्यातली वेळ आजच मागून ठेवा.

अडचणीच्या वेळी. आकडी, भ्रम किंवा बेशुद्धी दिसली तर व्हिडिओ कॉल लावत बसू नका, थेट 108 ला फोन करा. जीव द्यावासा वाटतो असे रुग्ण म्हणाला, तर त्याला एकटे सोडू नका आणि टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर बोला. ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून दिवसरात्र चालते. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी 14446 आहे.

आणि तो पुन्हा प्यायलाच, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. दुसऱ्याच दिवशी कॉल मागा आणि शेवटचा घोट किती वाजता, किती प्यायला, शेवटची गोळी कोणती आणि कधी घेतली, या चार गोष्टी वहीत समोर ठेवून बोला. डायसल्फिराम शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास गेल्याशिवाय पुन्हा सुरू करता येत नाही, त्यामुळे डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतील.