एमबीए मध्यावर असताना कॉलेज बदलायचे असेल तर

निपाणी, चिक्कोडी किंवा खानापूरचा विद्यार्थी बेळगावात एमबीएचे पहिले वर्ष करून कोल्हापूरला जाऊ पाहतो, तेव्हा बदलते ते केवळ कॉलेज नसते, विद्यापीठही बदलते, आणि खरी अडचण तिथेच असते. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात उत्तीर्ण केलेले विषय कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ जसेच्या तसे धरेलच असे नाही. म्हणून सध्याचा प्रवेश रद्द करण्याआधी प्रत्येक सत्राचे मार्क्स कार्ड आणि अभ्यासक्रमाची, पानापानावर कॉलेजचा शिक्का असलेली प्रत घेऊन नव्या विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडून समकक्षता, म्हणजे इथले विषय तिथल्या विषयांच्या बरोबरीचे असल्याची मान्यता, लेखी मिळवावी. तोंडी होकारावर विसंबणे धोक्याचे आहे, हे मी कळकळीने सांगतो. टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) कॉलेज देते, मायग्रेशन सर्टिफिकेट (विद्यापीठ बदलण्यासाठीचा दाखला) मात्र विद्यापीठ देते, त्यामुळे दोन्हींसाठी वेगवेगळे अर्ज करावे लागतात. कर्नाटकातील, महाराष्ट्राने दावा केलेल्या 865 गावांतील मराठी भाषिकांना महाराष्ट्रातील प्रवेशप्रक्रियेत सवलत आहे, परंतु मधल्या बदलीलाही ती आपोआप लागू होईल असे गृहीत धरू नये. भरलेली फी परत मिळेल का, हेही टीसी हातात घेण्यापूर्वीच विचारावे. समकक्षता नाकारली गेली, तर उरलेले वर्ष बेळगावातच पूर्ण करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.