राजाला जन्माने परदेशी नागरिकत्व मिळालं का, हे कसं तपासावं

मी कायद्याच्या विद्यार्थ्यांना नागरिकत्व शिकवते. थायलंडचे राजे भूमिबोल अमेरिकन नागरिक होते का, हा प्रश्न निघाला की वर्ग लगेच दोन गटांत वाटला जातो. माझं सांगणं एकच: मुकुट बाजूला ठेवा आणि जन्माच्या दिवसापासून सुरुवात करा.

आधी जागा आणि तारीख पक्की करा. भूमिबोल ५ डिसेंबर १९२७ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, आजच्या माउंट ऑबर्न हॉस्पिटलमध्ये जन्मले. नाव सियामच्या (थायलंडचं तेव्हाचं नाव) राजाकडून, म्हणजे त्यांच्या काकांकडून, यायचं होतं. म्हणून दाखल्यावर नुसतं 'बेबी सोंगक्ला' लागलं.

मग त्या दिवशी लागू असलेला कायदा काढा, आजचा नव्हे. अमेरिकेत तेव्हा चौदावी घटनादुरुस्ती होती (अमेरिकेत जन्मलेला आणि तिच्या अधिकारक्षेत्रातला माणूस अमेरिकन नागरिक) आणि तिचा अर्थ लावणारा वाँग किम आर्क खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १८९८चा निकाल होता. त्या निकालातले अपवाद नीट वाचा, खरी मेख तिथेच आहे. परक्या देशाचा राजा किंवा त्याचा राजदूत यांच्या मुलांना जन्मभूमीचं नागरिकत्व मिळत नाही. वडील महिदोल राजपुत्र होते, पण गादीवर त्यांचे सावत्र भाऊ प्रजाधिपोक होते, आणि महिदोल हार्वर्डमध्ये वैद्यकशास्त्र शिकत होते. ते ना राजा, ना राजदूत. म्हणजे बाळ जन्मतः अमेरिकन.

दुसरी बाजूही तपासाच. सियामच्या १९१३च्या कायद्याने सियामी बापाचं मूल कुठेही जन्मलं तरी सियामीच. झालं दुहेरी नागरिकत्व. इथे भारताचा नियम लावू नका. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही म्हणून सगळीकडे नसतं असं नाही.

अपवाद मुद्दाम कसा घडवतात, हे नेदरलँड्सच्या राजकन्या मार्ग्रीटच्या जन्मात दिसतं. १९ जानेवारी १९४३ला ओटावात ती जन्मली, तेव्हा कॅनडा सरकारने प्रसूतीची जागाच आपल्या अधिकारक्षेत्राबाहेरची ठरवली होती. त्यामुळे ती फक्त डच राहिली. केंब्रिजमध्ये असं कुणी काही केलं नव्हतं.

शेवटी, मिळालेलं नागरिकत्व पुढे गमावलं का, हा प्रश्न वेगळा ठेवा. भूमिबोल १९४६ला गादीवर आले तेव्हा अमेरिकेचा १९४०चा नागरिकत्व कायदा लागू होता. परक्या राष्ट्राशी निष्ठेची शपथ घेतली तर त्या कायद्याने नागरिकत्व जात असे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७च्या अफ्रोयिम निकालाने मात्र स्वेच्छेने सोडल्याशिवाय ते काढून घेता येत नाही असं ठरवलं. म्हणून 'राजा झाला म्हणजे गेलंच' असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. कोणत्या कृतीने, कोणत्या कलमाखाली, ते लिहा.