निवृत्तीचा हिशेब मांडताना या चुका टाळा

बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी वहीत महिन्याचा खर्च मांडला. किराणा, दूध, वीज, गॅस, औषधं, पेपर. बेरीज 30 हजार. ठेवींचं व्याज 34 हजार. "भागतंय की!" दुसऱ्याच वर्षी सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली: लिफ्ट बदलायची, प्रत्येक फ्लॅटमागे 85 हजार. त्यासाठी त्यांनी 10 लाखांची अख्खी मुदत ठेवीची पावती मोडली. व्याज कापलं गेलं आणि उरलेली रक्कम कमी दराने पुन्हा गुंतवावी लागली.

इथे दोन चुका झाल्या. पहिली म्हणजे हिशेब फक्त महिन्याचा मांडला. घरपट्टी, विम्याचा हप्ता, इन्व्हर्टरची बॅटरी, रंगकाम, दातांची कवळी, घरातलं लग्न हे खर्च दरमहा येत नाहीत, पण येतातच. मागच्या तीन वर्षांचं पासबुक घ्या, असे मोठे खर्च पेन्सिलने खुणा करून काढा, बेरीज करा आणि 36 ने भागा. ती रक्कम महिन्याच्या खर्चात धरा. आकडा बघून धक्का बसेल, पण तो नोकरीत असतानाच बसलेला बरा.

दुसरी, सगळी पुंजी मोठ्या पावत्यांत अडकवली. दहा लाखांची एक पावती करण्यापेक्षा दोन-दोन लाखांच्या पाच करा, म्हणजे गरजेपुरती एकच मोडता येते. सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात किंवा स्वीप ठेवीत (बचत खात्याला जोडलेली, गरजेला आपोआप मोडणारी ठेव) वेगळा असू द्या. ज्येष्ठ नागरिक बचत योजना भरवशाची आहे, पण वर्षाच्या आत खातं बंद केलं तर मिळालेलं व्याज मुद्दलातून वळतं होतं.

महागाई 6 टक्के धरली तरी खर्च 12 वर्षांत दुप्पट होतो. साठीतले 30 हजार बहात्तरीत 60 हजार, व्याज मात्र तेवढंच. खासगी नोकरीतल्या ईपीएस (कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शनला महागाई भत्ताही नाही. म्हणून सगळं व्याज खर्चू नका. काही भाग पुन्हा गुंतवा, आणि दहा वर्षं हात लावायचा नाही अशी थोडी रक्कम इक्विटी फंडात, म्हणजे शेअर्समध्ये गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात, राहू द्या.

कंपनीचा आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी पंचावन्नच्या आसपासच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सत्तरीनंतर सरकारच्या आयुष्मान कार्डावर कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यावरच. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या खिशातूनच घ्याव्या लागतात.